वांग्याचं फूल आणि एकमत

२ जून, शुक्रवार
बँकॉकचं शिक्षकांचं शिबिर आटोपून गावी परत. वर्गात आता लोकशाही! क्रू, म्हणजे आम्ही गुरुजी, म्हणतील ती पूर्व दिशा, हे बंद. बाकं गोल मांडली. बायको राट्री म्हणाली, घरातली भांडी कोणी घासायची, त्यावरही घ्या की मतदान. हिला शिक्षणातलं काय कळतंय!

७ जून, बुधवार
पहिलं मतदान. गुरुपूजनाला क्रूपुढे रांगत येऊन डोकं टेकायचं, की नुसते हात जोडायचे? पोरं विचारतात, क्रू, तुम्हाला काय हवंय? म्हटलं, मत तुमचंच; मला आपलं हात जोडलेले बरे वाटतात. एकमताने पास! वर्गप्रमुख खायमुकने निर्णय फळ्यावर लिहिला. लोकशाही किती पटकन रुजते!

१२ जून, सोमवार
मुख्याध्यापिका पान्नीबाईंनी बोलावलं. पूजनाला जिल्ह्याचे साहेब येणार, एकही डोकं वर दिसता कामा नये. माझी बढती बाईंच्या सहीवर अडलीय. हो मॅडम म्हणालो. ही माघार नव्हे, डावपेच.

१३ जून, मंगळवार
फेरमतदान. पोरांनी विचारलं, आता काय हवंय? सांगितलं. सगळे हात वर, एक खायमुक सोडून. म्हणाली, क्रू, वर्गाचा निर्णय क्रूलाही मोडता येत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. शिबिराच्या भरात बोललो असेन. हुशार पोरगी, पण वेळकाळ म्हणून कळत नाही.

१५ जून, गुरुवार
दुर्वा, मान खाली घालून फुलणारी म्हणून नम्रतेची मानलेली वांग्याची फुलं, उदबत्त्यांचा धूर. पोरं रांगत आली, डोकी टेकली. खायमुकने फुलं ठेवली, हात जोडले आणि ताठ बसून राहिली. साहेबांनी मान वळवली. बाई कडाडल्या, ही थेरं कोणी शिकवली हिला? मी म्हणालो, कल्पना नाही, मॅडम. खायमुकने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, कोणी नाही, माझं मीच ठरवलं.
बढती वाचली. लाज वाटली, खरंच वाटली. पण स्वतंत्र विचार म्हणतात तो हाच ना? म्हणजे शिबिर काही फुकट गेलं नाही.

१६ जून, शुक्रवार
बाईंच्या हुकमाने खायमुकचं प्रमुखपद गेलं. नवा प्रमुख निवडायचा. या वेळी गुप्त मतदान, कुणाचा दबाव नको! चिठ्ठ्या वाटल्या. पोरं पेन धरून माझ्याकडे बघत बसली. क्रू, कोणाचं नाव लिहायचं?
तास संपत आला होता. सांगितलं.
एकमत. चिठ्ठ्यांत खायमुकचं वळणदार अक्षर ओळखलं. तिनेही तेच नाव लिहिलंय.