मामांची झडप

४ डिसेंबर

ती. मामांस,
खारूचा सा. न. वि. वि.

गाडी तुम्ही मला दिलीत त्याला चार महिने झाले. तिच्याबद्दल पहिलीच तक्रार लिहितेय, तेव्हा आधी पाणी प्या. थंडी पडल्यापासून बाईसाहेब रोज सकाळी चौकात खोकून खोकून बंद पडतात. काल मागच्या बसमध्ये माझाच पेशंट होता. बिचारा दाढदुखी विसरून ढकलायला उतरला.

इथले मिस्त्री म्हणतात, दोष हीट रायझरच्या झडपेत आहे. इंजिन गार असताना ती मिटून गरम धूर कार्बोरेटरखाली वळवते; ती उघडी अडकली असेल, तर इंजिन तापायला वेळ लागणारच. उघडून बघू का? एक हॉटेलवाले गाडी मागतायत. दारात उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची आहेत त्यांना. महिन्याभरात ती सुधारली नाही, तर मी हो म्हणणार आहे.

मामींना नमस्कार. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
खारू


११ डिसेंबर

चि. खारूस,
अनेक उ. आ.

फुलझाडं हा शब्द वाचून मी उठलो, मामीने मला परत खुर्चीत बसवलं. मिस्त्रींना सांग, झडपेला हात लावायचा नाही. तंत्रशाळेत तीस वर्षं झडपेचा धडा मीच शिकवला. बाहेर स्प्रिंग आणि वजन दिसतं ना? मग झालं तर! प्लग बघा, चोक बघा, पेट्रोल बघा, आणि मुख्य म्हणजे तुझं चालवणं बघा. क्लच म्हणजे सायकलची घंटा नव्हे. दातांच्या डॉक्टरला दिसेल ते उपटायची घाई!

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मामीने किल्ली काढून घेतली, तेव्हा गाडी घरातच राहावी म्हणून तुला दिली. कुंडी म्हणून नव्हे. मामी म्हणते, मी या पत्रात जरा जास्तच ओरडतोय. ओरडतोय तितकाच जीवही लावतो, हे ध्यानात असू दे.

तुझा,
मामा


१९ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

प्लग, चोक, पेट्रोल, सगळं झालं. खोकला कायम. शेवटी रविवारी उघडलंच. नटांवरचा गंज मी दात खरवडायच्या हत्याराने काढला. पाईप खाली उतरला आणि आत झडपच नाही! नुसतं एक गुळगुळीत कडं. बाहेरची स्प्रिंग आणि वजन दिसायला जागच्या जागी, पण आत कशालाच जोडलेलं नाही.

मामा, गाडी आधी दोन दिवस मिस्त्रींकडे होती. माझं डोकं फिरलं. झडप विकलीत का, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी हात पुसले, फडक्याची नीट घडी घातली, पेटी उचलली आणि गेले. गाडी अंगणात ठोकळ्यांवर आहे. हॉटेलवाले काल टेप घेऊन मापं काढून गेले.

गाडी दिलीत तेव्हा झडप आत होती, असं दोन ओळींत लिहून पाठवा. मी पोलिसात जातेय. तुमच्या मायेचाच काय तो आधार.

खारू


२४ डिसेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

पोलिसात जाऊ नकोस. चोर मी आहे.

बावीस वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात मामीचं अख्खं माहेर गाडीत भरून चढ चढत होतो. झडप मिटलेलीच अडकली, पेट्रोल उकळलं, इंजिनाचा दम गेला. सासरेबुवांनी इस्त्रीच्या कपड्यांत गाडी ढकलली आणि मागून मलाच झडपेचा धडा ऐकवला. घरी येऊन पंधरा दिवस तेल, ठोकाठोक, सगळं केलं. शेवटी ती तुटली. मग शाळेच्या लेथवर कडं कातलं, आणि विद्यार्थी बॉनेटमध्ये डोकावतात म्हणून स्प्रिंग वरून शोभेला लावली. इथल्या उकाड्यात कुणाला काही कळलं नाही. मामीलाही नाही. आज कळलं, आणि ती अजून हसतेय.

सोबत मिस्त्रींसाठी वेगळं पत्र आहे. आधी ते दे, मग तूही त्यांची माफी माग. भल्या माणसाला माझ्यापायी चोर ठरवलंस, हे मला झोपू देत नाही. तुझ्या मनात राहिली असेल तेवढी माया राहू दे.

मामा


१२ जानेवारी

चि. खारूस,
मामीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मिस्त्री परत आले, मामांचं पत्र त्यांनी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं, दुसऱ्या एका जुन्या गाडीची झडप घासून बसवली आणि गाडी चौक ओलांडून गेली, वाचून बरं वाटलं. हॉटेलवाल्यांना नाही म्हणालीस हे वाचलं, त्या दिवशी मामा दोन घास जास्त जेवले.

पण एकदा खरं बोलल्यावर यांना थांबवेना. पूर्वी शाळेच्या परीक्षेत एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं की झडप अडकली तर काढून टाकावी. यांनी भोपळा दिला होता, आणि तोही गाडीत कडं बसवल्यानंतर! म्हणून परवा त्याला शोधत निघाले. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर. त्याचं आता मोठं गॅरेज आहे, केसही पांढरे झालेत. यांनी दारातच उभं राहून, पाचपैकी पाच, असं जाहीर केलं. तो गोंधळला, मग हिशेब करून म्हणाला, सर, ते पाच धरले तरी मी नापासच होतो.

दोघं हसून हसून लाल झाले म्हणे. आता हे रोज दहाला गॅरेजात जातात आणि कुणी न विचारता सल्ले देतात. घर शांत आहे. तू सवडीने ये, पण यांना तिथून हलवू नकोस एवढी कृपा कर.

तुझी,
मामी