वाफ धरलेला चष्मा

२२ एप्रिल
नात जुई कॉलेजात जायला लागली. सायन्स, पहिलं वर्ष, सगळं जपानीत. तिथे म्हणे बोलायचाही तास असतो! सरांना मेल कसा लिहायचा, चूक दिसली तर कशी सांगायची. हे काय शिकवायचं असतं? आम्हाला गप्प बसायला शिकवलं. काही अडलं नाही.

१३ मे
आमच्या या फुनाबोरीत आजही ढग. कपडे ओलेच.
जेवताना जुई सांगत होती, लॅबात तिच्या जोडीला मियु म्हणून पोरगी आहे. काचेवर वाफ धरते म्हणून डोळे जपायला घालायचा चष्मा कपाळावर सरकवते. "सांगायला हवं ना, आजी? नियम आहे."
म्हटलं, तू कोण सांगणारी? परक्या देशात आहोत. आपलं काम कर नि घरी ये.
सून मध्येच— "आई, इथे असं नसतं हो."
माहितीय कसं असतं ते!

२७ मे
मियुच्या डोळ्यात लॅबातलं औषध उडालं. दवाखान्यात नेलं. जुई जेवली नाही.

२८ मे
कॉलेजला गेली नाही. "तिने चष्मा वर केला तेव्हा मी बघत होते, आजी. नुसती बघत होते."
म्हटलं, डोळा तिचा, चष्मा तिचा, तुझा काय दोष? तिने माझ्याकडे असं बघितलं!

३ जून
अजून घरातच. बापाला म्हणाली, "सायन्स सोडते, बाबा. मला त्या लॅबात उभंच राहवणार नाही." मियुला त्या डोळ्याने अंधुक दिसतं. सुधारेल का, डॉक्टर सांगत नाहीत.
मुलाला, केदारला, सांगून टाकलं— गप्प बस म्हणून मीच सांगितलं होतं तिला. तो उठून आत गेला. ओरडला असता तर बरं!

४ जून
जुईला म्हटलं, मियुच्या घरी मला ने, माफी मागायचीय.
"तू काय करणार तिथे? बोलता येतं का तुला?"
नाही येत.

७ जून
उद्या जायचं. खाऊचा खोका आणलाय, इथे रिकाम्या हाताने जात नाहीत. जुईने जपानीतली दोन वाक्यं पाठ करून घेतली. पहिल्यातच अडखळले. "परत म्हण." दुसरं तोंडातल्या तोंडात म्हटलं. "मोठ्याने, आजी!"
मग इथल्या रीतीने मान झुकवली, तर माझ्या पाठीवर हात ठेवला तिने. "अजून खाली."
वाकले.