क्रँक हलका केल्यापासून

ती. दादांना मेव्हण्याचा नमस्कार. तुमची बहीण खुशाल आहे. तुमच्या गुडघ्याचं कळवावं. माझे कान शाबूत आहेत (जन्म लेथवर काढून हे नवलच).

गेल्या महिन्यात मामा, म्हणजे तुमचे वडील, मोटरसायकलचं इंजिन घेऊन माझ्या वर्कशॉपात आले. "जावईबापू, क्रँक हलका करा. गाडी चढाला कुंथते अन् हातांना मुंग्या आणते." सासऱ्याला नाही म्हणणारा जावई मी अजून पाहिलेला नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या जड आसाच्या, दोन्ही चाकांचं कडेचं लोखंड लेथवर उतरवलं. मग तो दोन समतल पट्ट्यांवर ठेवला. जड बाजू आपसूक खाली येते. तिथे भोक पाडायचं, पुन्हा ठेवायचं, ठेवू तसा थांबेपर्यंत. (माणसांसाठी अशा पट्ट्या मिळत नाहीत.) गाडी इतकी गुळगुळीत झाली की मीच माझी पाठ थोपटली.

पण हलक्या क्रँकला अंगचा जोर कमी. मामा वळणावर क्लच दाबून थ्रॉटल सोडतात, की इंजिन बंद. पुढे उताराने गाडी मुकाट दारात. पूर्वी वळणावरूनच धडधड ऐकू यायची आणि घरातले विषय बदलायचे. त्या दिवशी आम्ही सासूबाईंकडे फोन स्पीकरवर ठेवून बसलेलो, तुम्ही सांगत होता, "बाबांचे हात थरथरतात. त्यांना न कळवता गाडीला गिऱ्हाईक बघा."

मामा हेल्मेटसकट दारात. तुमचं बोलणं संपेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "त्याला म्हणावं, मलाही बघ एखादं. जुनं मॉडेल आहे, पण एकाच मालकिणीने वापरलेलं." सासूबाईंनी तोंडावर हात धरला, हसल्या की रडल्या, ते माझ्या कानांनाही कळलं नाही. तुम्ही फोन ठेवलात.

तेव्हापासून किल्ली माझ्याकडे टाकून ते पायी फिरतात. गाडीचं काय करायचं ते सांगा, मुलगा तुम्ही.

तुमचा मेव्हणा

ता. क. सासूबाई विचारतात, क्रँक पुन्हा जड होतो का? धडधड ऐकू आली नाही, तर चेहरा सरळ करायला वेळच मिळत नाही म्हणतात.

आणखी एक. त्या दिवशी मामांना चहा मी दिला. पूर्वी गाडीवरून उतरले की त्यांच्या हातात कपबशी खुळखुळायची; गेल्या खेपेस तुम्ही पाहिलीत ती थरथर हीच. या वेळी मी कान लावून बसलो होतो. वाजली नाही. थरथर इंजिनाची होती, दादा.

रविवारी या. स्टेशनवर घ्यायला कोण जाणार, असं मी मामांसमोर सहज म्हणालो. त्यांनी हेल्मेट पुसून ठेवलंय. मुकाट मागे बसा. माफी मागायची ती वळणानंतर मागा. तिथे इंजिन बंद पडतं, त्यांना नीट ऐकू येईल.