चौदावा कान

३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तिसऱ्या गाईचाही गर्भ पडला आणि चौथीचं वासरू उभं राहिलं की कोलमडतं, हे वाचून जेवण गेलं नाही. आतापर्यंत मी बुरशी लागलेल्या चाऱ्याला दोष दिला, मग पाण्याच्या टाकीला, मग धार काढणाऱ्या मावशींना. बावीस वर्षं गुरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे ठामपणे चुकायची सवय झाली आहे.

आता विषाणूचा संशय येतो. गाभण गाईला तो लागला की कधी गर्भ पडतो, कधी वासराचा मेंदू पोटातच अर्धवट राहतो. एखादं जनावर जन्मापासून तो अंगात घेऊन फिरतं, दिसायला अगदी धडधाकट. प्रत्येकाच्या कानाचा बारीक कपटा प्रयोगशाळेत पाठव. सोबत तेरा बाटल्या आहेत.

जनावरं चौदा, हे मला ठाऊक आहे. तुझ्या पन्नाशीला मी दिलेल्या कालवडीला, म्हणजे बाईसाहेबांना, वगळलंय. त्यांना मी स्वतः बाटलीने दूध पाजून वाढवलं, त्यांची तपासणी म्हणजे माझाच अपमान.

निदान पुढची गाय विईपर्यंत तरी लोभ टिकव.

तुझा,
ठोंब्या

१२ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

कपटे पाठवले. मावशींनी जनावरं धरली, मी कान धरले, आणि दोघींनी एकमेकींचे पाय तुडवले. तुझ्या शब्दाखातर मी महिन्याचा चारा जाळला होता, हे तुला कळवलं नव्हतं. आता कळवते.

अजून पाच गाभण आहेत. त्यांचीही वासरं गेली तर गोठा बंद करीन. मग दिवसभर तुझ्या भावोजींशी गप्पा माराव्या लागतील, म्हणून मला फार भीती वाटते. कोलमडणाऱ्या वासराला गुडघ्यांत धरून दूध पाजते. बहुतेक वेळा दोघंही पडतो.

बाईसाहेब मजेत आहेत. गाभण गाईंची तोंडं चाटत हिंडतात.

तब्येतीला आणि डोक्याला जप.

तुझी,
ताई

२६ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तेराही नमुने स्वच्छ निघाले. मी प्रयोगशाळेतल्या बाईंना यंत्र तपासायला सांगितलं. त्यांनी गोठ्यात जनावरं किती, एवढंच विचारलं. चौदा म्हणालो, आणि फोन ठेवून तुला लिहायला बसलो.

ताई, बाईसाहेबच असणार. आईच्या पोटातच विषाणू लागला की शरीराला तो परका वाटत नाही. जनावर जन्मभर तो पसरवतं आणि त्यावर औषध नाही. मी तुझ्या दारात आजार आणून बांधला, तोही लाल रिबन लावून. मला फार लाज वाटते. आजच तिला वेगळी कर. शनिवारी येतो. कान तपासू, आणि तसंच निघालं तर तिला शेवटचं इंजेक्शन मीच देईन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
ठोंब्या

३० मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तू बाईसाहेबांना इतक्या ठामपणे वगळलंस, तेव्हाच मी औषधाची रिकामी बाटली उकळून चौदावा कपटाही पाठवला होता. अहवाल तुझ्या पत्राच्या आधी आला, विषाणू त्यांच्याच कानात निघाला. त्याच दिवसापासून बाईसाहेब मागच्या शेडमध्ये एकट्या आहेत. प्रयोगशाळेतल्या बाईंना मीच तुला काही न सांगण्याची तंबी दिली होती. मी कळवलं असतं तर तू यंत्राला दोष दिला असतास. अर्थात तो तू दिलासच.

चारा जाळणारी मीही काही कमी शहाणी नाही. पाचांतली पहिली काल व्याली. वासरू उभं राहिलं आणि पहिल्याच झटक्यात मला लाथ मारली. मी रडले. लागलं म्हणून नाही.

शनिवारी ये, पण इंजेक्शन द्यायला दुसरा डॉक्टर आण. तू फक्त बाईसाहेबांची मान मांडीवर घे, बाटली पाजताना घ्यायचास तशी. दुसऱ्या बाजूला मी बसेन.

तुझी,
ताई