सहावं रोप

१२ मार्च
टेट्स्के गेली. कायमची नाही. स्नेकला, थोरल्या बहिणीकडे. दोन सुटकेस आणि शिवणयंत्र घेऊन. शिवणयंत्र कशाला नेलं यावर सध्या विचार करत नाही. जाताना म्हणाली, वीब्रेन, एकतीस वर्षांच्या संसारात एक तरी गोष्ट कुणाला न विचारता केलीस का रे? मी आठवायला थोडा वेळ मागितला. तेवढ्यात बस आली.

१५ मार्च
निर्णय पक्का. मागच्या अंगणात गांजा लावायचा. कुणालाही न विचारता! पाणी मंडळात चौतीस वर्षं कालव्यांची खोली मोजणारा माणूस रिटायर झाल्यावर गुन्हेगार झाला, ही बातमी स्नेकला पोचायला कितीसा वेळ लागणार? टेट्स्के ऑगस्टपर्यंत घरी. लिहून ठेवतो.

१९ मार्च, दुपारी
बी आलं. पाकिटावर लिहिलंय की ही जात थंडी, पाऊस, समुद्रावरचा वारा सगळं सोसते, दमट हवेत सहसा बुरशी धरत नाही, फार लक्ष द्यावं लागत नाही. टेट्स्केची ही थोरली बहीण, फ्राउक्ये, फोनवर होती, तिला वाचून दाखवलं. टोमॅटोचं बी म्हणालो. ती म्हणाली, थंड नि दमट हवेत आमच्या टेट्स्केनंही एकतीस वर्षं काढलीच की.
हवामानाबद्दल बोलत असावी.

२ एप्रिल
नगरपालिकेत फोन केला. विचारायला नाही, नुसती माहिती घ्यायला. नाव सांगितलं नाही. तिथली बाई म्हणाली, कायद्यानं बंदी आहे, पण पाच रोपांपर्यंत आम्ही चालवून घेतो. आणि फोन ठेवताना, आणखी काही, होक्स्ट्रासाहेब?
म्हणजे पाच रोपं लावली तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. या देशात सज्जन माणसानं बिघडायचं तरी कसं?

३ एप्रिल
सहा लावणार.

१६ मे
रोपं गोठवणारे दंवाचे दिवस काल संपले. पाच रोपं ओळीत लावली, दोरी धरून. सहावं शेडच्या मागे. खड्डा खणताना दोनदा मागे वळून बघितलं. टेट्स्केनं बघायला हवं होतं.

११ जून
तीन आठवडे पाऊस, मध्ये गारा. घेवडा कुजला. बटाट्यावर करपा. मला सर्दी. रोपं मात्र झकास. खरं तर पाणीसुद्धा घातलेलं नाही. हाताला गुण आहे म्हणायचा.

४ ऑगस्ट
शेजारचा हिल्के कुंपणावरून म्हणाला, लेका, तुझ्या टोमॅटोंचा वास चर्चपर्यंत येतोय. त्याला विश्वासात घेऊन सहावं दाखवलं. ठेवू का, असं विचारलं. शेजारधर्म म्हणून. तो म्हणाला, मला काय विचारतोस, अंगण तुझं.
टेट्स्केचं पत्र नाही. ऑगस्ट अजून सत्तावीस दिवस आहे.

२२ ऑगस्ट
शेवटी पोलीस आला! कोट घालूनच दार उघडलं, म्हटलं न्यायचं तर नीट नेऊ देत. पण हा पोलीस, ब्रांड्स्मा, कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराची चौकशी करत होता. मीच त्याला अंगणात नेलं. त्यानं पाच मोजली, म्हणाला, छान आलीत. मी म्हणालो, शेडच्या मागेही बघा. बघितलं. मोठा उसासा टाकला. म्हणाला, अहो, सोमवारपासून माझी सुट्टी आहे, आता हे कागद कोण रंगवणार? काढून टाका, मी काही बघितलं नाही.
ठेवलं तर काय होईल, असंही विचारून घेतलं. त्यानं डोक्याला हात लावला. कॉफी दिली, सोबत एक बिस्कीट. दुसरं दिलं असतं तर ती लाच झाली असती.

२४ ऑगस्ट
काढणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. टेट्स्केला कार्ड टाकलं: ‘मी कायदा मोडलाय. २१ सप्टेंबरला येऊन बघ.’

९ सप्टेंबर
येते म्हणाली!! फ्राउक्येला घेऊन, सायकलवर. खिडक्या पुसल्या.

१८ सप्टेंबर
सहावं काढलं. घाबरून नाही, शेडला जाताना अडचण होत होती. डब्यात मावतील असे तुकडे केले. आज ओल्या कचऱ्याचा वार होता, त्यामुळे सोयीचं पडलं.

२१ सप्टेंबर, रविवार
दोघी भिजून आल्या. टेट्स्के थेट अंगणात गेली. पाच रोपं पावसात ताठ उभी. तिनं बोटानं मोजली. पाचच? मी म्हणालो, सहा होती. मग सगळं खरं सांगितलं, फोनपासून ओल्या कचऱ्यापर्यंत. ती शेडला टेकून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. लग्नानंतर पहिल्या वर्षी अशी हसायची. मला वाटलं, जमलं.
मोहरीचं सूप वाढलं. फ्राउक्येनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, नगरपालिकेला विचारलंस, शेजाऱ्याला विचारलंस, पोलिसालासुद्धा विचारलंस. हिला एकदा तरी विचारलंस का मेल्या, परत येतेस का म्हणून? टेट्स्के माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, सूप गार होतंय.
संध्याकाळी निघाल्या. फ्राउक्ये पुढे गेली. टेट्स्के फाटकाशी सायकल धरून उभी राहिली. बराच वेळ. पाऊस पडत होता, तरी उभी होती. परत ये ना, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.
म्हणालो, दिवा लाव, नाहीतर दंड होतो.
तिनं लावला. वळणापर्यंत दिसत होता. नियम पाळला गेला याचं मला बरं वाटलं, आणि मग अजिबात बरं वाटलं नाही.