दर्शनी भागी लावलेली नोटीस

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या गुडघ्यांना आणि भावोजींच्या स्वभावाला नमस्कार. दोन्हींत फरक पडला नसेल असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. आईला कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

जंगलात वनपालाला काम तरी काय असतं, असं तू मागे विचारलं होतंस. अगं, सध्या माझ्या जंगलाचा विकास चालू आहे. विजेच्या तारा न्यायच्या आहेत, पाण्याची पाईपलाईन न्यायची आहे, शिवाय वणवा अडवायला आमच्या खात्याची जाळरेषा, म्हणजे झाडं तोडून मोकळा ठेवलेला पट्टा. तिन्ही शेजारी शेजारी. मी बैठकीत भीत भीत म्हणालो, साहेब, एकाच पट्ट्यातून सगळं जाऊ द्या की. वीजवाले पाणीवाल्यांकडे बघायला लागले, पाणीवाले साहेबांकडे आणि साहेब चहाकडे. (चहा गारच होता.) शेवटी प्रत्येकाचा पट्टा वेगळा ठरला. मध्ये जंगल किती उरतं हे कुणी विचारलं नाही, आणि मी एकदा तोंड उघडून बसलो होतो, म्हणून पुन्हा उघडलं नाही.

यातला विजेचा पट्टा आपल्या क्वार्टरसमोरून, म्हणजे बाबांनी लावलेल्या झाडावरून जातो. बाबा गेल्यापासून आई रोज खिडकीत बसून त्या झाडाशी बोलते, हे तुला ठाऊक आहेच. बाबांशी जन्मात बोलली नसेल इतकं बोलते. (झाड मध्येच पेपर उघडत नाही, म्हणून असेल.) तार जराशी वळवली तर झाड वाचतं, मी नकाशावर पेन्सिलीने वळवूनही दाखवली. साहेब म्हणाले, "लोकांनी मुदतीत हरकत घेतली तर बघू." आता इथे लोक म्हणजे मी, आई आणि माकडं. मी खात्याचा माणूस, मला हरकत घेता येत नाही. माकडं घेतात, पण ती लेखी लागते.

नियम असा, की हरकतींची नोटीस जागेवरच, दर्शनी भागी लावायची. मीच हातोडी घेऊन निघालो. अख्ख्या रानात बाबांच्या झाडाइतकं दर्शनी दुसरं काय आहे? मनातल्या मनात माफी मागून खिळे ठोकले. आई आतून ओरडली, "हळू रे, त्यांना लागेल!"

बाकी सगळं ठीक. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – खरं काम असं, की या झाडासाठी तुझ्या नावाने लेखी हरकत पाठव. हरकती घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

आणखी एक ता. क. – पत्र टाकायचं राहिलं होतं. हरकत पाठवू नकोस. आज पाईपलाईनच्या पट्ट्यातली झाडं तोडायला माणसं आली. आमच्या खात्याचा कागद ठोकलेला दिसला की ते झाड तोडायचं, अशी त्यांची समजूत. मी साहेबांकडे बैठकीला होतो. परत आलो तर मुकादम अदबीने म्हणाला, "कागद तुमचाच होता की." माझा होताच.

आई दुपारची झोपली होती. उठली, खिडकीत बसली, आणि आता सारखी विचारते आहे, "हे कुठे गेले रे?" बाबा गेले तेव्हा तिला तूच सांगितलं होतंस. ताई, या वेळीही तूच येऊन सांग.