वहिनींच्या मते फरक आहे

तीर्थरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (डोकं सध्या दवाखान्याच्या ताब्यात आहे, तेव्हा आठ अंगांतलं एक कमी धरावं. खुलासा पुढे येतोच आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला? चिऊचं बाळ आता कुणावर गेलंय, की अजून दर आठवड्याला मत बदलताय? दादा म्हणेल, या माणसाला फोन करता येत नाही का, कागद कशाला खरडतोय. तर फोन मी मुद्दाम करत नाही. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, बाळ किंचाळत असतं, दादा लांबून "काय रे, बरा आहेस ना" असं ओरडतो आणि माझ्या तोंडून "बरा आहे" इतक्या झटकन सुटतं की मलाही ते अडवता येत नाही. कागदावर तसं होत नाही. कागदावर खोटं लिहिलं की ते समोर बसून आपल्याकडे बघत राहतं. म्हणून पत्र. हे आधी एकटीने वाचा, मग दादाला द्या, आणि देताना त्याचा चष्मा लपवून ठेवलात तरी माझी हरकत नाही.

तर वहिनी, मी बरा नव्हतो. ताप नाही, खोकला नाही, हात-पाय जागच्या जागी. तुम्ही सगळे लेकीच्या बाळंतपणाला गेलात आणि मग तिथलेच झालात, त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झालं. (तुम्ही गेलात म्हणून झालं असं मनात आणू नका. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं एका कारणाने होत नाही. मीही तेच धरून चाललोय.) सकाळी दुकानाचं शटर वर करायचं म्हणजे जिवावर यायला लागलं. कसंबसं उघडायचं, टेबलाशी बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं, घड्याळाचं झाकण काढायचं आणि नुसतं आत बघत राहायचं. काय बिघडलंय ते दिसायचं, पण हात उचलायचा नाही. जेवण घशाखाली उतरायचं नाही. गिऱ्हाईक ओरडून जायचं आणि मी गप्प. समोरच्या शिंप्याला संशय आला तो यावरूनच. गिऱ्हाइकावर उलट न खेकसणारा मी कुणी पाहिलाय का? त्यानेच मला दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं. नैराश्य, असं निदान झालं. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. एकीने दिवसभर पेंग, दुसरीने तोंडाला कोरड, तिसरीने काहीच नाही, ती बिचारी पाहुण्यासारखी पोटात येऊन जायची. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आपण चुंबक लावून बघू.

आता तुम्हीच सांगा, घड्याळवाल्याला चुंबक लावतो म्हणणं म्हणजे काय. आमच्या धंद्यात चुंबकाचं नावसुद्धा कुणी प्रेमाने घेत नाही. आठवतंय ना, दादाने आपलं नवं घड्याळ रेडिओच्या कर्ण्यावर ठेवलं होतं आणि मग तो जिथे तिथे लोकांच्या आधी पोचायला लागला होता? आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाजवळ गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट सुटतं. मी डॉक्टरांना हे सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, डोक्यात काही धातू आहे का? मी म्हटलं, थोरल्या भावाच्या मते दगड आहेत, धातूचं ठाऊक नाही. ते हसले नाहीत. (माणूस चांगला आहे, पण विनोदाच्या बाबतीत दादाच्या वळणावर गेलाय.) मी विचारलं, हा शॉक आहे का? नाही म्हणाले. भूल नाही, बेशुद्धी नाही, झालं की आपल्या पायांनी घरी जायचं. मेंदूचा एक भाग आळसावलाय, त्याला बाहेरून चुंबकाने टिचक्या मारून जागं करायचं. सुट्टीचे वार सोडून रोज यायचं, काही आठवडे.

पहिल्या दिवशी मशीनच्या बाईंनी (या मशीन चालवतात, मशीनपेक्षा कडक आहेत) खिसे रिकामे करायला सांगितले. वहिनी, लाज वाटली हो. चिमटा निघाला, भिंग निघालं, तीन स्क्रूड्रायव्हर, एक कुलपाची किल्ली जिचं कुलूप कधीच हरवलंय, आणि डोक्यावर त्यांची मापाची टोपी चढवताना केसांतून घड्याळाचं एक चक्रसुद्धा पडलं. ते मी वर्षभर शोधत होतो. मग त्यांनी डोक्यावर तारेची जाड वेटोळी (हेच ते चुंबक) टेकवली आणि नेमकी जागा शोधायला लागल्या. जागा सापडली हे कसं कळतं, तर आपला अंगठा आपोआप उडतो. मी काही केलं नाही, मनातही आणलं नाही, आणि माझा उजवा अंगठा टुणकन उडाला. ज्या अंगठ्यावर मी इतकी वर्षं पोट भरतोय तो दुसऱ्याच बाईचं ऐकतो हे बघून मी तो डाव्या मुठीत दाबून धरला. त्यानंतर वेटोळी जरा पुढे, कपाळाकडे सरकवली आणि सुरू झालं. कानात बोळे असतात, तरी टक टक टक टक ऐकू येतंच. शेजारच्या घरी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकतंय आणि भिंत आपण आहोत, असं वाटतं. मध्ये थांबतं. आता संपलं म्हणावं तर पुन्हा.

आणि आता माझी अक्कल ऐका. थोडे दिवस गेल्यावर एका गिऱ्हाइकाशी मी भराभर बोललो. संध्याकाळी जिना दोन-दोन पायऱ्या चढलो. माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, झालं, स्प्रिंग चिकटली, मी पुढे पळायला लागलो. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की बरं वाटतंय; मला वाटलं, बिघडलो. दुकानात चुंबक उतरवायचं यंत्र आहेच (घड्याळ वर ठेवायचं, बटण दाबायचं आणि हळूहळू लांब न्यायचं, की चुंबक उतरतं). तेव्हा मी रोज दुकान बंद करायच्या वेळी शटर अर्धं ओढून टेबलावर वाकायचो, कपाळ यंत्राला टेकवायचो, बटण दाबायचो आणि डोकं हळूहळू मागे न्यायचो, अगदी दुकानाच्या टोकापर्यंत, ओणव्यानेच. सकाळी दवाखान्यात चढवायचं, संध्याकाळी दुकानात उतरवायचं. कमरेचा काटा ढिला झाला. एकदा शिंप्याने शटरखालून बघितलं, त्याला वाटलं मला विजेने धरलंय, त्याने बाहेरचा मेन स्विच पाडला आणि मला कापडाच्या लाकडी गजाने ढकललं. सगळी आळी अंधारात. त्यात केशकर्तनालयात एक गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बसलेलं. तेव्हापासून तो गृहस्थ माझ्याशी बोलत नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा मात्र ते हसले. इतके हसले की मशीनच्या बाई आत आल्या. मग डोळे पुसून म्हणाले, तुमचं डोकं पोलादाचं नाही, त्यात चुंबक साठून राहत नाही. ते टिचक्या मारून निघून जातं, मागे राहते ती जाग. तुमच्या यंत्राने काही उतरलेलं नाही, पण कंबर सांभाळा. तेव्हा मी ते बंद केलं.

इथवर गंमत झाली. आता मूळ गोष्टीवर येतो, आणि इथून पुढे तुम्ही रागावणार आहात. डॉक्टर दर आठवड्याला विचारतात, घरच्यांना काही फरक जाणवतो का? म्हणे या आजारात माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. आधी घरच्यांना कळतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा खोलीत मशीनच्या बाई होत्या, दाराशी एक नवरा-बायको त्यांचा नंबर यायची वाट बघत हात धरून उभे होते, आणि "घरी कुणी नाही" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी म्हणालो, वहिनी म्हणतात, थोडा फरक आहे. झालं. त्या क्षणापासून तुम्ही पुन्हा आपल्या घरी राहायला आलात. दर आठवड्याला मला तुमचं नवं म्हणणं न्यावं लागायचं. वहिनी म्हणतात, आता पहिल्या हाकेला ओ देतो. वहिनी म्हणतात, भाजीत मीठ कमी पडलं तर सांगायला लागलाय. वहिनी म्हणतात, जेवताना मान वर करतो. हे शेवटचं सांगून घरी आलो आणि म्हटलं, निदान खरं तरी करावं. मान वर करून जेवलो. समोर तुमची खुर्ची होती. तुम्ही गेल्यापासून मी मान का वर करत नाही ते मला तेव्हा कळलं, आणि ताट तसंच ठेवून उठलो.

पण थाप एकदा मारली की तिला खाऊ-पिऊ घालावं लागतं. मशीनच्या बाईंना तुम्ही फार आवडायला लागलात. त्यांच्या सासूबाई येतात आणि स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे लावतात, म्हणून त्या वैतागलेल्या. मला म्हणाल्या, तुमच्या वहिनींना विचारा ना, काय करू. आता मी लग्न न केलेला माणूस, सासूचा माझा संबंध काय? पण टक टक चालू असताना तुमचा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, वहिनी म्हणतात, डब्यांबरोबर कपडे ठेवायची तिन्ही कपाटंही त्यांनाच लावायला द्या आणि वर कौतुक करा. तिसऱ्या कपाटाला सासूबाई दमल्या आणि आता हॉलमध्ये बसून असतात. तुमची कीर्ती दवाखानाभर झाली आहे. औषधं देणारा मुलगा मला थांबवून विचारतो, वहिनी काय म्हणतात? रोज घरी जाताना खरंच वाटतं, की वर जाऊन तुम्हाला हे सांगावं. आणि कुलूप काढून आत गेलं की कुणीच नसतं. मला फार एकटं वाटतं, वहिनी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता अडचण अशी, की उपचार संपत आलाय. पुढे चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरवण्याआधी डॉक्टरांना तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायचंय. त्यांना माझ्यापेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास आहे. तेव्हा कृपा करून दोन दिवसांसाठी या, दवाखान्यात चला, आणि आपण इथेच राहतो आणि मला रोज बघतो असं ठणकावून सांगा. तेवढी माझी लाज राखा. कळलं असेलच. लोभ आहे तो असू द्यावा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. : येण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. मशीनच्या बाई भेटल्या की सासूबाईंची चौकशी करायची आणि कपाटांचं श्रेय मुकाट्याने घ्यायचं. तुम्हाला पोहता येतं, असंही मी सांगून बसलोय. का, ते विचारू नका. थाप मारताना बारकावे द्यावे लागतात.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते पुन्हा उघडलंय. आज मशीनच्या बाईंनी तुमच्यासाठी स्वतः विणलेली शाल आणली. तुमच्यासाठी म्हणून माझ्या हातात ठेवली आणि मला ती धरवेना. सगळं सांगून टाकलं. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी विचारलं, मग कपाटांचं कुणी सुचवलं? मी म्हटलं, मीच. म्हणाल्या, मग शाल तुमची. डॉक्टरांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, मग घरी कोण असतं? मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, हे आधी समजलं असतं तर बरं झालं असतं, पण आज सांगितलंत हाही फरकच आहे. उपचार ठरल्याप्रमाणे संपवू, पुढचं तुम्हाला बघून मीच ठरवीन, वहिनींना त्रास देऊ नका.

ता. क. तिसरा : म्हणजे तुम्हाला बोलवायचं कारणच उरलं नाही. वरचं सगळं फाडून नवं लिहावं म्हटलं, बसलो, पण दुसरं कारण काही सुचेना. दवाखान्यात तुमचं काम नाही. घरात आहे. दादाला आणा, चिऊ सोडत असेल तर बाळालाही आणा, किंचाळू दे खुशाल. आणि तिथे कुणी विचारलंच, एवढं अचानक का निघालात, तर सांगा, दिराने बोलावलंय.